जॅकखालची फळी

वरोऱ्याच्या रेल्वे फाटकाजवळ शफीभाईंचं टायरचं दुकान. लहानपणी त्यांच्या मुलीकडे, नसीमकडे, एकच काम होतं. ट्रकला जॅक लावायच्या आधी त्याच्याखाली सागाची फळी सरकवायची. मे महिन्यात तिथलं डांबर मऊ पडायचं आणि फळी नसली की जॅक सडकेत जायचा, चिखलात म्हैस बसावी तसा, आवाज न करता. ते दृश्य नसीमच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे ती इंजिनिअर झाली आणि चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेत सडकेची मिश्रणं तपासू लागली.

गिट्टी आणि डांबराची लादी बनवायची, गरम पाण्यात ठेवायची आणि तिच्यावरून लोखंडी चाक हजारो वेळा फिरवायचं. लादीवर जितकी खोल चाकोरी, तितकी सडक कच्ची. सडकेचं पुढच्या काही वर्षांत जे होणार, ते एका दिवसात समोर येतं.

फाटकाजवळची सडक नवी व्हायची होती. ठेकेदाराचं मिश्रण पास झालं, सगळे चहाला उठले. नसीम यंत्रापाशीच बसून राहिली. पाणी पन्नास अंशांवर होतं आणि फाटकापाशी भर दुपारी तिनं स्वतः मोजलेली सडक पासष्टच्या वर गेली होती. शिवाय कोळशाचे ट्रक तिथं धावत नाहीत, फाटक उघडेपर्यंत भरल्या अंगानं उभे असतात. तिनं पाणी तापवलं, चाक संथ केलं आणि त्याच मिश्रणाची दुसरी लादी लावली. चाक खाली खाली जात राहिलं. मग तिनं चिवट डांबराचं, जाड गिट्टीचं मिश्रण बनवलं. ते टिकलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख गुणवंतराव म्हणाले, "पोरी, नियमानं पास झालेलं तू काऊन नापास करून राह्यली?"

"सर, नियमाले वरोऱ्याचं ऊन कुठी माहीत आहे?"

"आन तुझ्या चाकाले आहे?"

"थोडंसं."

गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी वरच्या साहेबांशी बोलून फाटकाजवळ सडकेचे दोन तुकडे लागोपाठ टाकून घेतले, एक ठेकेदाराच्या मिश्रणाचा, एक नसीमच्या. "उन्हाळा सांगल. खोटी ठरली तर तुझं हे उकडणं बंद. नियमानंच चालायचं मंग."

नसीमचा तुकडा नेमका अब्बांच्या दुकानासमोर आला.

मे संपत आला तेव्हा ती लोखंडी सरळपट्टी घेऊन आली. गुणवंतराव डोक्याला दुपट्टा बांधून सोबत होते. ठेकेदाराच्या तुकड्यात चाकांचे दोन पाट पडले होते, कडेला डांबर फुगून वर आलं होतं. तिच्या तुकड्यावर पट्टी टेकवली, तर खाली बोटाचं टोक शिरेना. लादीनं सांगितलं होतं तसंच.

तेवढ्यात गोंडपिपरीचा लच्छू आपला भरलेला ट्रक कडेला घेऊन उतरला. मागच्या चाकाची हवा गेली होती. त्यानं सवयीनं फळी उचलली.

"राहू दे," शफीभाई म्हणाले.

"चाचा, जॅक धसन ना."

"नाई धसत."

नसीम पुढे झाली. "अब्बा, मी चाकाचं सांगितलं. जॅकचं नाई तपासलं."

"मंग आता तपास," म्हणत त्यांनी जॅक थेट डांबरावर ठेवला. "सरका सगळे मागं."

दांडा हलू लागला. नसीम जॅकच्या बुडाकडे बघत राहिली. लहानपणीची ती म्हैस आता बसेल, मग बसेल. ट्रक वर आला. चाक मोकळं झालं. जॅक होता तिथंच होता.

शफीभाईंनी लच्छूच्या हातातली फळी घेतली, चाकाशेजारी टाकली आणि तिच्यावर ऐसपैस बसून नट सोडू लागले. "चांगला पाट झाला बसाले," ते लच्छूला म्हणाले.

ट्रक गेल्यावर नसीमनं गुडघे टेकून पट्टी लावली. जॅकच्या बुडाचा गोल वळ उमटला होता.

"किती?" गुणवंतरावांनी विचारलं.

"वळ आहे, सर. खड्डा नाई."

"पुढच्या सडकेची लादी तुझ्याच पाण्यात लाव," ते म्हणाले आणि सावलीकडे वळले.

पुढचा ट्रक लागला. शफीभाई बसल्या जागेवरून ओरडले, "इकडं घे रे, पोरीच्या सडकेवर."