काकांचं चित्र, तात्यांचं तोंड

आमच्या मावशीच्या गावच्या दूध सोसायटीत संस्थापकांचं म्हणून जे चित्र टांगलं आहे, ते संस्थापकांचं नाही. हे मी आजवर माझ्या तोंडानं कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. (तिला सांगितलं असतं तर सोसायटीनं वेगळी दवंडी पिटायची गरज उरली नसती.)

गाव तेरच्या अलीकडं. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि चालत सुटायचं. दिवस दुष्काळाचे. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, दारोदार फिरून लोकांना गोळा केलं, दूध सोसायटी उभी केली आणि तिला स्वतःची खोली मिळायच्या आत स्वतःच गेले. खोली झाली तेव्हा चेअरमननी ठरवलं, भिंतीवर काकांचं मोठं चित्र लावायचं. मी तेव्हा सोसायट्यांच्या पाट्या रंगवत असे. 'मर्यादित' हा शब्द माझ्याइतका देखणा कुणी काढत नसे. एवढ्या भांडवलावर मी चित्रकार झालो होतो!

"घरात त्यांचा एक बी फोटू न्हाय रं," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "नातवंडांनी त्यांला बघितलंच न्हाय, आन् आता माझं बी दिसणं चाललं. तोंड तेवढं नीट काढ. बाकी कसं बी असू दे."

नेमकं 'बाकी'च मला येत होतं! माझ्याकडं एका जुन्या कॅलेंडरावरचं संस्थानिकाचं चित्र होतं. मखमली कोट, खुर्चीच्या हातांवर सिंहाची तोंडं, कमरेला तलवार. त्या चित्रावर माझा फार जीव. मी चौकोन पाडून ते अख्खं मोठं केलं, तलवार काढून हातात दुधाचं माप दिलं आणि पगडी उतरवून गांधी टोपी घातली. काका जन्मभर पायताण झिजवत फिरले, पण माझ्या चित्रात जरीच्या मोजड्या घालून बसले. त्या मला बदलवेनात. फार सुरेख होत्या हो!

आता तोंड. सोसायटीच्या उद्घाटनाचा एक फोटो मिळाला. त्यात काका मधोमध उभे, पण फोटोग्राफरनं नेमका हार घालताना खटका दाबलेला. काकांच्या जागी वर टोपी, खाली झेंडू आणि दोन्ही बाजूंना एकेक कान! कान मी हुबेहूब काढले. मधलं मैदान मोकळं राहिलं. मी काकांच्या मांडीवर खेळलेला, पण ब्रश हातात घेतला की त्यांचं धोतर आठवे, खोकला आठवे, तोंड काही येईना.

तेवढ्यात पारावर मला दिगंबर तात्या दिसले. काकांचे चुलत भाऊ. तेच नाक, तीच हनुवटी, त्याच मिशा. फरक एवढाच की तात्यांची एक भुवई कायम वर, समोरचा माणूस आपल्या वाट्याचं पाणी उपसतोय अशी! सामाईक विहिरीच्या पाळीवरून या दोन घरांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तेव्हा मावशीला सांगून तात्यांकडं जाणं शक्य नव्हतं आणि तात्यांना काकांचं नाव सांगणं त्याहूनही अशक्य होतं.

"तात्या," मी म्हणालो, "तुमच्या बैठकीत लावायला तुमचं एक चित्र काढावं म्हणतो."

"माझं?" भुवई आणखी वर गेली. "कशापायी?"

"तोंडावर तेज आहे तुमच्या."

"ते हाय म्हणा," तात्या म्हणाले आणि नवी टोपी आणायला आत गेले.

मित्राच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले, उस्मानाबादला जाऊन धुऊन आणले आणि ते तोंड काकांच्या कानांमध्ये नीट बसवलं.

रंग पुण्याहून मागवलेले, ॲक्रिलिक. पाण्यात कालवायचे आणि वाळले की पाण्यालाही दाद देत नाहीत असे. पण ब्रश बुडवायला मी मावशीकडं तांब्याभर पाणी मागितलं, तर ती कडाडली, "हितं तोंड धुवायला पाणी न्हाय आन् तू ब्रश धुतोस व्हय रं? टँकर तुझ्या बापाचा हाय का?" शेवटी सोसायटीत दुधाचा एक कॅन नासला होता, त्याचं हिरवट पाणी मी चोरून आणलं आणि सगळं चित्र त्यात कालवलं. उन्हानं रंग असा चटकन वाळे की चूक पुसायची सोयच नव्हती. ती भुवई खाली आणायला मी तीनदा बसलो, तीनदा ती आणखी जाड होऊन वर गेली!

कार्यक्रमाला गाव लोटला. पडदा ओढायला मावशी, आणि पहिल्या रांगेत दिगंबर तात्या! (सोसायटीचे सभासद ना ते. माझ्या ध्यानातच नव्हतं!) पडदा सरकला. चेअरमननी न बघताच हार चढवला, उदबत्ती लावली आणि मग वर पाहिलं.



"आरं, तात्या कवा गेलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"गेलं कुठं? हे काय म्होरं बसल्यात!"

तात्यांच्या बायकोनं आपल्या नवऱ्याच्या गळ्यात हार आणि पुढं उदबत्ती पाहून "माझं कुक्कू गं!" म्हणून हंबरडाच फोडला. तात्या ताडकन उठले. एक भुवई भिंतीवर, एक खाली, दोन्ही माझ्यावर रोखलेल्या! सगळा गाव मावशीकडं बघायला लागला. ती 'हे न्हाईत' म्हणाली असती, तर माझी पाट्यांची रोजीरोटीही त्याच दिवशी आटोपली असती.

मावशी चित्राला नाक लावून उभी राहिली. आधी कान चाचपले. मग डाव्या गालाशी थांबली.

"हेच हायत," ती म्हणाली, "गालावरचा तीळ बी हाय की वो!"

तीळ मी काढलेलाच नव्हता. नासक्या दुधाच्या वासानं आलेली ती माशी होती! मावशी डोळे पुसायला वळली आणि तीळ उठून नाकावर जाऊन बसला. अख्ख्या गावानं पाहिला. एकानंही तोंड उघडलं नाही. तात्यांनी उघडलं होतं, पण मावशीला रडताना बघून त्यांनी ते मिटलं आणि बायकोला हाताला धरून बाहेर नेलं.

खोलीमागं त्यांनी माझी कॉलर धरली. "आन् माझं चित्र?"

"करतो तात्या. तुमचंच आधी करतो."

"हार नगं घालूस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मी गालावर माशीच्या पहिल्या जागी पक्का तीळ काढला. त्यानंतर त्या गावचा फाटा आला की मी एसटीत झोपेचं सोंग घेत असे. तात्यांनी पुष्कळ निरोप धाडले, मग धाडेनासे झाले, मग गेले. बैठकीतली त्यांनी मोकळी ठेवलेली भिंत मोकळीच राहिली.

मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चष्मा लावून ती पहिल्यांदा सोसायटीत गेली, तेव्हा नेमका मी सापडलो आणि सोबत जावं लागलं. तिनं चित्र टोपीपासून मोजड्यांपर्यंत न्याहाळलं.

"भावजी लई चांगले आलेत," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "यांचं तोंड कुठं ठेवलंस रं?"

मी मोजड्यांकडं बघत राहिलो.

मावशीही आता नाही. तिची नातवंडं त्या चित्राला हार घालतात आणि पोरांना सांगतात, आमचे आजोबा असे दिसायचे. खरं सांगायचं तर काका आठवायला गेलो की मलाही हल्ली भुवई वर केलेले तात्याच दिसतात. सबंध गावाचा काका बदलून टाकणारा चित्रकार जिल्ह्यात माझ्याखेरीज दुसरा नसावा! दिगंबर तात्यांना मी एक चित्र देणं लागतो, आणि मावशीला तिच्या नवऱ्याचं तोंड.