मामाजींची पिसाची माशी

दुपारी डोळा लागता लागता मला अजून ती दोरी दिसते. बांबूच्या काठीतून सुटलेली, पिवळसर, आधी हवेत मागं लांब जाणारी, मग सावकाश पुढं येणारी, आणि शेवटी पाण्यावर इतक्या हळू टेकणारी की पाण्याला कळूही नये. मी कापसाच्या ओळीत उभी असते. ओटीत अर्धाच कापूस, आणि वेचणाऱ्या बाया कधीच्या पुढं निघून गेलेल्या. एवढंच दिसतं आणि झोप लागते.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी माहेरची तळेगावची. लग्न होऊन आष्टीजवळच्या खेड्यात आले. सासरचं शेत नाल्याला लागून होतं. नाल्यावर दगडी बांध घातलेला, त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडून लांबट डोह झाला होता. दर पावसाळ्यात मासेमारांची सोसायटी त्यात रोहू-कतल्याचं बी सोडायची. बोटभर पिल्लं, पत्र्याच्या डब्यांतून आणलेली. उन्हाळ्यात पाणी आटलं की जाळी लावून मोठे मासे काढायचे. मधले सगळे महिने तो डोह दोनच माणसांचा असायचा, एक सोसायटीचा म्हातारा राखणदार आणि दुसरे आमचे मामाजी. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

मामाजी फौजेत एका साहेबाचे अर्दली होते. त्या साहेबाबरोबर त्यांनी काश्मीरात चार उन्हाळे काढले होते. तिथं बर्फाच्या पाण्याचा ओढा होता आणि त्यात ट्राउट नावाचे मासे सोडलेले होते, अंगावर लाल ठिपके असलेले. साहेब गळाला गांडूळ लावायचा नाही. कोंबड्याची पिसं आणि रेशीम गळावर बांधून खोटी माशी करायचा, ती पाण्यावर सोडायचा, आणि मासा तिला खरी समजून वर यायचा. मामाजींनी ती विद्या साहेबाच्या माशांच्या टोपलीचं ओझं वाहता वाहता उचलली. साहेब घरी निघाला तेव्हा आपली जुनी काठी मामाजींना देऊन गेला. तीन तुकड्यांची, पितळी कड्यांनी जोडायची, बारीक रीळ लावलेली. गावानं त्या काठीची जेवढी थट्टा केली तेवढी माझ्या स्वयंपाकाचीही केली नाही.

राखणदार तर रोज म्हणायचा, "पिसानं मासोया भेटल्या असत्या तं आमी जाळं काऊन इनलं असतं, बाप्पा?"

मामाजी म्हणायचे, "जाळ्यात सापडते ती मासोई. पिसावर येते ती पाव्हणी."

त्या काळी सून सासऱ्याशी तोंडावर बोलत नसे, आणि सासराही सुनेशी थेट बोलत नसे. घरात येताना मामाजी खाकरायचे. मग ओसरीतल्या लाकडी खांबाकडं तोंड करून विचारायचे, "घरात कोनी हाये काय? चहा भेटन काय?" मी आतून कपबशी वाजवायची, म्हणजे भेटन. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सायकलनं सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत. त्यामुळं दिवसभर घरात मामाजी, मी आणि खांब. त्या खांबाला आमच्या घरातलं सगळं माहीत होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मामाजींचा उजवा हात कापायला लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे वाढत जाईल, थांबणार नाही. त्या दिवशी ते घरी आले आणि ओसरीत बसले. मग खांबाला म्हणाले, "हात पुरा जायच्या आंधी एक मासोई पिसावर धरतो. एकच. नाई तं चार उन्हाये मी तिथं फकस्त टोपलीच धरून होतो, असं होईन." त्यांच्या बोलण्यात विनवणी नव्हती, पण माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

अडचण अशी की माशी बांधायला बोटं स्थिर लागतात. मला भरतकाम येत होतं. उशीच्या अभ्र्यावर मी मोर काढलेला होता, तो त्यांनी पाहिलेला असावा. दुसऱ्या दिवशी ओसरीत एक डबी उघडी ठेवलेली दिसली. तिच्यात बारीक गळ, काही पिसं, मेणाचा तुकडा. मामाजी खांबाला सांगत होते, "आंधी मेन लावलेला दोरा गुंडाळायचा. मंग पीस देठाकून धरायचं अन् गोल फिरवायचं, म्हंजे त्याचे केस उभे राह्यतात. त्याच्यानंच माशी तरंगते." मी दाराआडून ऐकलं आणि ते फिरायला गेल्यावर डबी आत नेली.

गळ धरायला यांची पक्कड घेतली. तिच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं की ती आपोआप घट्ट मिटून राहते, दोन्ही हात मोकळे. शेजारच्या अंगणात कोंबड्याची गळालेली पिसं मिळायची. माझ्याकडं भरतकामाचे रेशमी धागे होतेच. दुपारच्या वेळी झरोक्यातून ऊन यायचं, त्यात पिसाचे केस सोनेरी दिसायचे, आणि माझं मन कुठल्या कुठं निघून जायचं, ज्या बर्फाच्या ओढ्याला मी कधी जाणार नव्हते तिथं. लग्नानंतर इतकं सुख मला त्या पक्कडीनं दिलं, हे यांना सांगितलं असतं तर रुसले असते.

आता माझ्या चुकीचं सांगते. माझं माहेर माळकरी. गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ, घरात मासळीचं नाव नाही. सासरी खाणं होतं, पण मी आल्यापासून मामाजींनी ते अंगणात, वेगळ्या भांड्यांत, तीन दगडांच्या चुलीवर करायचं ठरवलं होतं. मला कोणी काही म्हटलं नाही. पण आई लहानपणी सांगायची की जीव मारणाऱ्याइतकंच पाप हत्यार करून देणाऱ्याला लागतं. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, लागलेला मासा निसटू नये म्हणून. पहिली माशी बांधताना पक्कडीत तो काटा दाबला जाऊन चपटा झाला. मी तो उचकटायला सुई घेतली आणि थांबले. वाटलं, राहू दे असाच. मामाजींचा मासा गळाला येईल, त्यांना तो दिसेल, आणि मग तो आपल्या घरी जाईल. दोघांचंही भलं. पुढच्या सगळ्या माश्यांचे काटे मी मुद्दाम दाबले, आणि स्वतःला फार शहाणी समजले.

कार्तिकात पाणी निवळलं. तळाचे दगड दिसायला लागले. सकाळी डोहावर वाफ असायची आणि ती उठली की पाण्यावर वर्तुळं उमटायची, एक इथं, एक तिथं. मामाजी पाणी वाचायचे. वारा उगवतीचा असला तर काठी जोडायचेही नाहीत. वर्तुळ दिसलं की लगेच दोरी टाकायची नाही, दुसरं उठू द्यायचं, आणि मासा ज्या दिशेनं चालला असेल तिकडं हातभर पुढं माशी टेकवायची. हे सगळं ते राखणदाराला मोठ्यानं सांगायचे. राखणदाराला त्यात काडीचा रस नव्हता. मी तीन ओळी पलीकडं कापूस वेचत असायची.

काठावरच्या बाभळीची पिवळी फुलं पाण्यात पडायची आणि तिथंच वर्तुळं जास्त उठायची, हे मात्र मी पाहिलं. घरी जाऊन पिवळ्या रेशमाची, फुलासारखी गोल माशी बांधली. मामाजींनी ती उन्हात धरून उलटसुलट पाहिली आणि खांबाला म्हणाले, "काश्मीरात अशी नसते." वापरली मात्र तीच.

आणि मासे यायला लागले. पहिला आला तेव्हा काठी कमानीसारखी वाकली, रीळ करकरलं. मग काठी एकदम सरळ झाली. मामाजी रिकाम्या दोरीकडं पाहत राहिले. दोन दिवसांनी दुसरा तसाच गेला. मग तिसरा, चौथा. दोरी सतत ताणून धरली तर उलट्या काट्यावाचूनही मासा टिकतो, हे मला फार पुढं कळलं. पण कापणाऱ्या हातात दोरी क्षणभर ढिली पडायचीच, आणि तेवढ्यात गळ सुटायचा.

चौथा गेला तेव्हा राखणदार हसला नाही. मामाजींनी काठीचे तीन तुकडे केले, कापडात गुंडाळले, घरी आले आणि काठी माळ्यावर टाकली. "हात गेला," एवढंच म्हणाले. खांबालाही नाही, कोणालाच नाही. मग ते सकाळी डोहावर जाईनात. चहा मागेनात. मी कपबशी वाजवली तरी पाहत नसत. चार दिवस मी ते पाहिलं. हात गेला नव्हता. गळाचा काटा माझ्या पक्कडीत चपटा झाला होता, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

पाचव्या दुपारी मी पदर नीट केला, ओसरीत आले आणि खांबाकडं न बघता त्यांच्याकडं बघून बोलले. "मामाजी, तुमचा हात नाई गेला. गयाचे काटे मी दाबले होते."

त्यांनी विचारलं, "कितीचे?"

"सगळ्याईचे."

"काऊन?"

मी आईचं सांगितलं, माळेचं सांगितलं. ते उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं आता संध्याकाळी हे आले की बोलणं होणार, माहेरी निरोप जाणार. तासाभरानं ते परत आले, खाकरले, आणि नेहमीसारखे खांबाला म्हणाले, "काटा न दाबता एक बांधून भेटन काय? पाप लागन ते माह्या डोक्यावर." मी आत जाऊन कपबशी वाजवली.

ती माशी बांधताना मला आनंद झाला नाही. पिवळं रेशीम तेच, ऊनही तेच होतं, पण तो उलटा काटा शाबूत ठेवून बांधताना बोटं जड झाली होती.

त्या सकाळी मी कापसात नव्हते. बांधावर, मामाजींच्या मागं उभी होते. वाफ विरली. बाभळीखाली वर्तुळ उठलं. मामाजी थांबले. दुसरं उठलं. दोरी मागं गेली, पुढं आली, पिवळी माशी पाण्यावर टेकली आणि आवाज न होता दिसेनाशी झाली. काठी वाकली. मामाजींचा हात इतका थरथरत होता की रिळाची मूठ त्यांना सापडेना.

"सूनबाई," ते म्हणाले, "दोरी धरजो."

मी धरली. पलीकडून जे ओढत होतं ते जिवंत होतं, त्याला जायचं होतं, आणि माझ्या मुठीतून ते सरळ खांद्यापर्यंत येत होतं. मी सोडली असती तर कोणी मला दोष दिला नसता. मामाजी माझ्याकडं नाही, पाण्याकडं बघत होते. मी हातावर हात घेत दोरी ओढत गेले. कोपरभर रोहू होता, पोटाकडं लालसर, काठावरच्या चिखलात तोंड उघडत मिटत होता. मामाजींनी माझ्याकडं पाठ केली, मला दिसू नये म्हणून मध्ये उभे राहिले आणि त्यावर ओलं पोतं टाकलं. मी रडले. ते बघून राखणदार उगाच बाभळीकडं बघायला लागला.

मासा राखणदारानंच साफ करून दिला. अंगणातल्या चुलीशी मामाजी बसले, पण पळी त्यांच्या हातात ठरेना, मसाला चुलीत सांडायला लागला. मी जाऊन पळी घेतली. ते सांगत गेले, मी टाकत गेले, तिखट, वाटलेलं खोबरं, चिंचेचा कोळ. वास नाकात जाऊ नये म्हणून पदर तोंडावर धरला होता. चाखून बघण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मामाजी जेवायला बसले. भाकरी कुस्करून, डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरून, ते हळूहळू खात राहिले. उठताना म्हणाले, "चांगलं झालं," आणि हे ते माझ्याकडं बघून म्हणाले. दुसऱ्या दिवशी काठीला तेल लावून ती त्यांनी पुन्हा कापडात बांधली. तिला परत हात लावला नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. मी मात्र मासा रांधला त्या दिवशी दुपारभर सुपारीएवढाही घास गिळू शकले नाही.

त्याच संध्याकाळी हे जिनिंगवरून आले, हातपाय धुतले, अंगणातल्या चुलीवर उरलेला रस्सा ताटात घेतला आणि पहिल्याच घासाला थांबले.

"अवं, याच्यात मीठच नाई."

ओसरीत मामाजी आडवे होते, पण जागे; त्यांनी खांबाकडं कूस वळवली. दुपारी त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या होत्या, आणि दुसरी वाटी बोटानं निपटून घेतली होती.