विहिरीवरचा गुलाब

लग्न होऊन मी डिचोलीला आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच झाड होतं. माहेरी, नदीपलीकडच्या चोपडे गावी, विहिरीच्या कट्ट्याला लागून एक गुलाब होता. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचा. त्याचा वास असा की पाणी काढायला गेलेल्या माणसाने दोर हातात धरून तसंच उभं राहावं. निदान मला तसं आठवत होतं. बाजारात मिळणारे टोकदार कळ्यांचे कडक गुलाब मला कधी गुलाब वाटलेच नाहीत. मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली, भाड्याच्या घराला पुढे थोडं अंगण मिळालं, आणि मी ठरवलं, इथे लावायचा तो चोपड्याचाच गुलाब.

मे महिन्याच्या सुट्टीत शिवोलीहून फेरीबोटीने नदी ओलांडून मी माहेरी जायची. परतताना त्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची. तीन वर्षं आणल्या. शेणात बुडवून लावल्या, केळीच्या कंदात खोचून लावल्या, सावलीत लावल्या, उन्हात लावल्या. आठ-दहा दिवस फांदी हिरवी राही, एखादं पान फुटे, आणि मग ती खालून काळी पडे. आमच्या समोरच्या रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. लाल धूळ जनेलाच्या गजांमधून घरात यायची, तशी त्या एकुलत्या एक पानावरही बसायची. मी शाळेतून आले की ओल्या फडक्याने पान पुसत असे. आमचे हे खाणीच्या कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, "एवढी धूळ मी दिवसभर खातो, मला कोणी पुसत नाही."

चौथ्या वर्षी गेले तर झाडच नव्हतं. भावाने विहिरीला सिमेंटचा नवा कट्टा बांधला होता. जिथे गुलाब होता तिथे बाल्दी ठेवायला गुळगुळीत जागा केली होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच स्वयंपाकघरात आईसमोर जाऊन उभी राहिले.

"तू त्याला अडवलं नाहीस?"

आई नारळ किसत होती. "कशाला अडवू गो? काटेच होते नुसते. रोज पदर अडकायचा."

"आणि वास? तसा वास आता कुठे मिळणार?"

आईने हात थांबवला. "कसला वास? त्या झाडाला वास नव्हता."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण आईला थट्टा जमत नसे. ती सांगू लागली, "वासाचा गुलाब तुझे वडील आणायचे. पलीकडून, शिवोलीहून. तिथल्या एका घराच्या कुंपणाबाहेर फांदी यायची, तिचं फूल आणायचे. मी अंबाड्यात माळायची. तू मागून येऊन नाक खुपसायचीस, म्हणून तुला तो वास माहीत."

वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांना विचारण्याची सोय नव्हती. मी अंगणात भावाकडे गेले. तो म्हणाला, "होता की वास." मग थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे असणार. गुलाबच ना तो?"

परतीच्या फेरीबोटीत मी कठड्याला टेकून उभी होते आणि आठवायचा प्रयत्न करत होते. लग्नानंतर मी त्या झाडाचं फूल हुंगलं होतं का? नव्हतं. मी जायची मेमध्ये, तेव्हा झाडाला फूल नसे. आणि लग्नाआधी? विहीर आठवत होती, गुलाबी रंग आठवत होता, वास आठवत होता. पण वास विहिरीपाशी होता की आईच्या केसांत, ते काही केल्या वेगळं होईना. आई खरं सांगत असेल तर तीन वर्षं मी बिनवासाच्या फांद्या जिवापाड जपत होते. आणि ती विसरली असेल, तर भावाने शेवटचं झाड तोडलं होतं. कशाचं वाईट वाटून घ्यायचं तेच मला कळत नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक कलम विकत आणलं. "वासाचं द्या," असं मी विक्रेत्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "बाई, एक फूल उमललं तर घरभर दरवळ." कलमाच्या गाठीच्या वर डोळा बांधलेली चांगली जात आहे, गाठीखाली रानगुलाबाचा खुंट आहे, हे त्याने बोट लावून दाखवलं. "खालून फूट आली तर ती रानटी. दिसली की छाटायची."

कलम जोमाने वाढलं. दिवाळीनंतर त्याला तळहाताएवढं लालभडक फूल आलं. मी नाक लावलं. काही नाही. मला सर्दी असेल म्हणून ह्यांना हुंगायला लावलं. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ श्वास घेतला आणि म्हणाले, "धुळीचा येतोय."

तरी मी ते झाड वाढवलं. गाठीखालून फूट आली की कात्री घेऊन छाटत राहिले. दोन वर्षं इमानेइतबारे छाटली. मग एका पावसाळ्यात वरचं कलम शेंड्यापासून काळं पडत खाली आलं आणि गाठीपर्यंत वाळलं. खालून मात्र दोन हिरवेगार धुमारे वर आले. मी कात्री आणायला वळले तर शेजारीण कुंपणापाशी उभी. तिचा नवरा ट्रकवर चालक होता. दोघं सावंतवाडीकडची, आमच्या बाजूच्या खोलीत राहायची. मी शिकवते म्हणून ती मला बाई म्हणायची.

"बाई, हेका तोडू नकात," ती म्हणाली.

"अगो, ही रानटी फूट आहे. मूळ कलम मेलं."

"मेला ता मेला. ह्या जगता हा, तर जगांदे."

मला तिला खुंट आणि डोळा समजावून सांगायचं होतं. पण तिच्या बोलण्यापुढे ते सगळं अगदीच पुस्तकी वाटलं. मी कात्री तिथेच कुंपणावर ठेवली.

त्या फांद्या वाकड्यातिकड्या वाढल्या, काटेच काटे. थंडी पडली तशी टोकांना झुपक्याने कळ्या आल्या. एका सकाळी शाळेत जायला निघाले आणि पायरीवरच थांबले. फुलं फिकट गुलाबी होती, सैल, थोडी चुरगळल्यासारखी. वास पायरीपर्यंत आला होता. मी जवळ गेले, हुंगलं, आणि पहिल्यांदा आनंद झालाच नाही. गोंधळच उडाला. हा तोच का? की वास आहे म्हणून मला तोच वाटतोय? दोन वर्षं मी हेच छाटून फेकत होते का? शाळेला उशीर झाला. मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीबाहेर बघत बसले.

रविवारी तीन फुलं ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात घातली आणि चोपडे गाठलं. आई दारात बसली होती. मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने एक फूल उचललं, नाकापाशी नेलं, दूर धरलं, पुन्हा नाकापाशी नेलं.

"हे वडील आणायचे तेच ना?" मी विचारलं.

"नव्हे," आई म्हणाली. "हे आपलं विहिरीवरचं."

"पण त्याला वास नव्हता म्हणालीस!"

"मी म्हणाले?"

"आत स्वयंपाकघरात म्हणालीस. नारळ किसत होतीस."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली. "म्हणाले असेन," ती हळूच बोलली. "झाड तोडल्यावर तुझा चेहरा बघवत नव्हता. की खरंच नव्हता वास? आता नाही गो आठवत."

मला रडायला येईल असं वाटलं आणि हसायलाही. ती तेव्हा माझी समजूत घालण्यासाठी खोटं बोलली होती, की आत्ता मला बरं वाटावं म्हणून बोलत होती, की दोन्ही वेळा तिला जे आठवलं तेच सांगत होती? मी पुढे विचारलं नाही. आईचा हात तिच्या अंबाड्याकडे गेला होता. वडील गेल्यापासून तिने फूल माळलं नव्हतं. फूल केसांना टेकवून ती क्षणभर तशीच बसली, मग उठली आणि तिन्ही फुलं देवासमोर ठेवून आली.

"फांदी जगली तर एक मला दे," ती म्हणाली.

मी बारा फांद्या लावल्या, दोन जगल्या. एक शेजारणीला दिली. दुसरी पुढच्या मेमध्ये आईकडे नेली. मला वाटलं ती विहिरीकडे बोट दाखवेल, पण तिने स्वयंपाकघराच्या जनेलाखालची जागा सांगितली. तांदूळ धुतलेलं पाणी वरून ओतता येईल म्हणाली.

जानेवारीत भावाच्या मुलीच्या अक्षरात आईचं पत्र आलं. सगळ्यांची खुशाली होती, काजूला मोहर चांगला होता. खाली लिहिलं होतं, "गुलाबाला चार फुलं आली आहेत. वास आहे. कोणता, ते तू आलीस की सांग."