दोन इंच कमी

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात एक चूक मुद्दाम व्हायची. लेकीचा शाळेचा गणवेश ती कमरेत मापापेक्षा दोन इंच कमी शिवायची. बारीक झालीस की बसेल, म्हणायची. आजीनंही मावशीसाठी हेच केलं होतं. नातेवाईक मावशीला आणि लेकीला 'मोठं रीळ' आणि 'छोटं रीळ' म्हणत, आणि त्या चोरून खातात हे छातीठोकपणे सांगत.

यंदा छोट्या रिळानं बारीक व्हायचं मनावरच घेतलं. डबा मैत्रिणींना वाटू लागली. चौदाव्या दिवशी शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. कंबर उतरली होती अर्धा इंच.

मावशी हादरली. गणवेश उसवायला बसली, तेव्हा कात्री शोधताना खणातून मापांची जुनी वही निघाली. आजी दर वाढदिवसाला दोघींना एकत्र बोलावून मावशीचं आणि तिच्या जुळ्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं, माप त्यात लिहायची. आई वर्षाची असल्यापासून मूलबाळ नसलेल्या काकांकडे वाढली. ते घर काडीपैलवानांचं, वाढायचेही बेतानं. तरी पंधराव्या वर्षी दोघींच्या कमरेत फरक पाव इंच.

"तुझी आई तर इथं चोरायलाही नव्हती गं," मावशी मला म्हणाली. हसली, मग बराच वेळ टेपच गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं खाणं आवरायचा सल्ला सुरू केला. मावशीनं वही पुढं सरकवली आणि जुळ्या बहिणीचं सांगितलं. बाईंनी पानं उलटली, मागची पुन्हा पाहिली. मग समजावलं की शरीराची ठेवण, भुकेचा जोरसुद्धा, बराचसा आईबापांकडून येतो. खाण्याचा, चालण्याचा उपयोग होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. उपास बंद, वेळेवर जेवण, रोज हालचाल, आणि साखर-रक्तदाब तपासत राहायचं.

"ही आळशी नाही. मीच आधी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

छोट्या रिळानं त्या दुपारी दुकानातच अख्खा डबा संपवला. नवा गणवेश पुऱ्या मापाचा झाला, पुढं सैल करता यावा म्हणून शिवणीत इंचभर जादा कापडाची माया ठेवून. तो घालून ती शाळेचा तोच जिना दोन-दोन पायऱ्या चढून गेली. खाली उभी असलेली मावशी शेवटच्या पायरीपर्यंत मोजत होती.

परवा एक गिऱ्हाईक लेकीचा ड्रेस जरा लहानच शिवा म्हणालं. मावशीनं त्या मुलीचं माप घेतलं, जसंच्या तसं लिहिलं.

"बारीक झाली की आणा, दहा मिनिटांत आत घेईन. आज मात्र आजच्या मापाचा."