आत्याचा आवाज आणि माझा डबा

डबा मीच बनवला होता आणि त्याची फुशारकीही पुष्कळ मारली होती. जेवणाचा जुना चपटा स्टीलचा डबा, ड्रिलने भोकं पाडून एका बाजूला वायर खुपसायचे दोन जॅक, दुसऱ्या बाजूला एक, वर आवाज कमीजास्त करायची दोन बटणं. गिटारवाले अशा डब्याला पेडल म्हणतात, पायाशी ठेवतात. दोन आवाज आत घ्यायचे, मिसळून बाहेर सोडायचे, एवढंच त्याचं काम.

तो बनवला आत्यासाठी. आत्या राजगडाखाली पालीत राहते, गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. नवरात्रात देवळात पहिलं गाणं तिचं, हे मी लहान होतो तेव्हापासूनचं. मी भोरला कचेरीत नोकरीला. चाळिशीत गिटार शिकलो आणि नवशिक्याची खुमखुमी अंगात होती. त्या वर्षी आत्याच्या साथीला मी वाजवणार, असं मीच जाहीर करून टाकलं. देवळातल्या स्पीकरला वायर लावायची एकच जागा धड होती. तिचा माइक आणि माझी गिटार दोन्ही तिथूनच जायला हवं होतं.

इंटरनेटवरच्या आकृतीत दोन्ही बटणांपुढे एकेक छोटा रेझिस्टर, विजेला थोडं अडवणारा तुकडा, होता. त्याने आवाज थोडा कमी होतो, असंही खाली लिहिलं होतं. मला माझी गिटार मोठी ऐकू यायला हवी होती. मी दोन्ही रेझिस्टर गाळले. घरी दोन्ही बटणं पूर्ण उघडी ठेवून पाहिलं, झकास वाजलं.

देवळात आत्याने गाणं सुरू केलं, तसं मी शहाणपणा करून माझं बटण अगदी कमी केलं, तिचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून. गिटार दबली आणि तिच्याबरोबर आत्याचा आवाजही. मागच्या बायका हात हलवायला लागल्या. आत्याने जोर लावला, आणखी लावला, मग तिला ठसका लागला.

"वय झालं आता. आवाज बसला तुजा," पुढे बसलेली एक म्हातारी सहज बोलून गेली.

आत्या हसली आणि तिने माइक शेजारणीकडे दिला. मी वैतागून माझं बटण पुन्हा पूर्ण उघडलं. शेजारणीचा आवाज खणखणीत आला. मग आत्याचाच आवाज गेला याबद्दल कोणाला शंकाच उरली नाही, आत्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी भोरला डबा उघडला. एक बटण बंद केलं की दुसरा आवाजही स्पीकरकडे न जाता त्याच वाटेने निघून जात होता. तेच अडवायला ते रेझिस्टर होते. पाच मिनिटांत जोडले. आत्याला सांगायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. त्या डब्याचे फोटो मी साऱ्या नातेवाइकांना पाठवले होते. दिवाळीला सांगू म्हटलं, दिवाळीला विषय काढला नाही. पुढच्या नवरात्रात आत्या गायला उठली नाही, तरी मी गप्प. लिहितानाही लाज वाटते.

सांगितलं ते तीन वर्षांनी. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"म्हंजी माजा आवाज चांगला व्हता?"

"हो, आत्या. खोट डब्यात होती."

"तुला कवा कळलं ह्ये?"

गेल्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. "दुसऱ्याच दिवशी," मी म्हणालो.

तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"म्या घरात गुनगुनायचं पन सोडलं व्हतं," ती म्हणाली. "मागल्या महिन्यात एकली असताना गानं म्हनून बघितलं. आता खरंच न्हाई येत रं."