लाभुबेनला वास येत नाही

फाल्गुनातल्या तापानं लाभुबेनचा वासच नेला. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण हिंगाच्या डबीत नाक खुपसलं तरी काही कळेना. भादर नदीकाठच्या त्या गावात मंदिरातल्या ठाकोरजींचा, म्हणजे कृष्णाचा, भोग वर्षानुवर्षं तीच रांधत होती. विधवेला तेवढंच एक घर आपलं वाटायचं.

शेजारच्या कंकुबेननं गोष्ट गावभर केली. मंदिराचे कारभारी वजुभाई दारात येऊन उभे राहिले.

"बेन, चूल आता दुसऱ्या कुणाला द्या. वास नाही, तर मीठ कसं कळायचं?"

"मीठ कधी वासानं कळतं का, भाई? आणि भोग देवाआधी कोण चाखतं? इतकी वर्षं हातानंच मीठ घातलंय ना मी?"

पण रात्रभर तिलाच शंका छळत राहिली. खरंच काय गेलंय आणि काय उरलंय? सकाळी तिनं कंकुबेनला धरलं, तिच्या डोळ्यांवर पदर बांधला आणि तिचं नाक दाबलं.

"मेली, जीव घेतेस की काय!"

"बडबडलीस म्हणून शिक्षा. आता आ कर."

मग तोच खेळ तिनं मंदिराच्या ओट्यावर मांडला, आरतीनंतर, सगळ्यांदेखत. वजुभाई हसत डोळे बांधून बसले. तिनं त्यांनाच नाक दाबायला सांगितलं आणि जिभेवर चिमूट ठेवली.

"साखर," ते म्हणाले.

दुसरी चिमूट. "हीसुद्धा साखरच."

"सोडा नाक."

"अरे, यात तर जायफळ आहे!"

"पहिलीत वेलदोडा होता. आता पुन्हा दाबा नाक."

"थू! मीठ!"

बायका खो खो हसल्या. लाभुबेन मात्र हसली नाही. "मीठ जिभेचं, ती शाबूत आहे. गेलंय ते जायफळ-वेलदोड्याचं. त्यांच्या डब्या मी वेगळ्या ठेवते. करपलेलं मात्र कळत नाही, खोटं कशाला बोलू? म्हणून चुलीपुढून हलत नाही. बेसनाचा रंग बघते, तुपाचा आवाज ऐकते."

वजुभाई नरमले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मग भोगाआधी थोडं चाखत जा. आम्ही कुठे बोलणार नाही."

लाभुबेन ताडकन उठली. "वजुभाई, माझं नाक गेलंय, लाज नाही! आधी ठाकोरजी, मग तुम्ही. खारट लागलं तर तोंडावर सांगा, ऐकून घेईन. पण देवाला उष्टं देणार नाही, आणि चूलही सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी वजुभाईंनी बायकोला पाळतीवर पाठवलं. मंछाबेन नाक वर करून उंबऱ्यावर बसली. लाभुबेननं कढईतली नजर न काढता गवारीची टोपली तिच्याकडे सरकवली.

"बसलीच आहेस तर निवड. करपल्याचा वास आला की ओरड."