आईच्या हातावरचा ल

नीलाबेन गेल्या. आणि त्यांच्याच नावात परका ल छापून आला.

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन, शोकसभेच्या बोर्डासाठी. "काका, संध्याकाळी बेसणं आहे. मम्मीची डिंडोलीची माणसं येतील. एक बोर्ड मराठीत करून द्या ना."

आमच्या दुकानातल्या ऑपरेटरने पाच मिनिटांत केला. ठळक नाव, फोटोला हार.

मी म्हटलं, थांब. ह्या ल वर नीलाबेनना निरोप द्यायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, डिंडोलीच्या आमच्या खानदेशी वस्तीत, लग्नपत्रिकांचं माझं दुकान नुकतं कुठे उभं राहत होतं. कॉम्प्युटर घेतला, पण त्यातला फॉन्ट हिंदी वळणाचा. ल ला उजवीकडे उभा दांडा.

पहिलीच पत्रिका मुलीच्या बापाने काउंटरवर आपटली.
"पोरगीनं लगीन डिंडोलीमा शे का यूपीमा?"

दुकानातले सगळे हसले. आणि गिऱ्हाईक समोरच्या प्रेसमध्ये जायला लागलं. दुकान बसायच्या बेतात होतं.

नीलाबेन तेव्हा माझ्याकडे ऑपरेटर. पक्क्या सुरती. आधी साडीच्या डिझाइनचं ट्रेसिंग करायच्या, त्यामुळे रेषेवर हात जबरदस्त.

"पाटीलभाई, ल हुं बनावीश. पण मने असल बतावो."

मी कागदावर काढून दाखवला.
"आ ल छे के जलेबी?"

तेवढ्यात आई माझा डबा घेऊन आली. नीलाबेनची नजर तिच्या हातावर गेली.

मनगटाच्या वर वडिलांचं नाव गोंदलेलं. शालिक. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेतलं.
वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला वाचता येत नव्हतं. तेवढं एक नाव ओळखायची.

"बा, हाथ आपो ने."

ट्रेसिंग पेपर हातावर ठेवला आणि पेन्सिल फिरवायला लागल्या. आईला गुदगुल्या.
"हाई बाई काय करी ऱ्हायनी?"

दोन पाकळ्या, मधून देठ. कातडी सैल पडलेली, म्हणून डावी पाकळी जरा खाली ओघळलेली.

मी म्हटलं, तेवढी सरळ करा.
"ना. ए तो एम ज रेशे." तो असाच राहणार.

आधी तो ल. मग त्याच नावातला श. मग बाकीची सगळी अक्षरं, त्या दोघांच्या अंगाला शोभतील अशी. दिवसभर पत्रिका आणि मधल्या वेळात माउसने एकेक पॉइंट ओढणं.

नव्या फॉन्टमधली पहिली पत्रिका आईच्या हातात दिली. तिने बोट फिरवत फिरवत ल शोधला.

"आते मना धनी समदासना लगीनमा जाई." तिचा धनी आता सगळ्यांच्या लग्नाला जाणार होता.

नीलाबेनना अहिराणी येत नव्हती. त्यांनी अर्थ विचारला नाही. डोळे पुसले आणि कामाला बसल्या.

गिऱ्हाईक परत आलं. डिंडोलीतल्या किती घरांची लग्नं त्या अक्षरांत लागली!

पुढे आई गेली, तो हातही गेला. कॉम्प्युटर बदलले, तो फॉन्ट आता कुठेच उघडत नाही.

म्हणून आज कपाटातून जुनी पत्रिका काढली. स्कॅन केली. ल तेवढा कापून घेतला, मोठा केला, कडा साफ केल्या.

ऑपरेटर म्हणाला, "अंकल, बायीं तरफ से लटक रहा है. सीधा कर दूँ?"

"ना," मी म्हटलं. "ए तो एम ज रेशे."

बोर्ड तुमच्या दारात लावून आलो, नीलाबेन.
बाकी अक्षरं बाजारची आहेत. ल तुमचा आहे.

आवजो.